फुकटचं शहाळं, परगावचा नायक

'एल मारियाची' सुरू होऊन थोडाच वेळ झालेला असतो. काळ्या कपड्यांतला, हातात गिटारची पेटी घेतलेला एक तरुण रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून शहाळं घेतो आणि चालू लागतो. पैसे देत नाही. पडद्यामागून त्याचाच आवाज सांगतो की, या गावात पाहुण्याला शहाळं फुकट मिळतं. खरी गोष्ट अशी की दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ पैसे देतानाचा शॉट घ्यायलाच विसरला होता. तिथे परत जाऊन शूटिंग करण्याऐवजी त्याने एक वाक्य रेकॉर्ड केलं. चूक झाकली गेली, वर गावाला एक स्वभावही मिळाला. पुढे त्याच गावात या पाहुण्यामागे बंदूकवाले लागतात, तेव्हा ते शहाळं जरा कडवट आठवतं.

मी किहीमचा. आमच्याकडे शहाळं फुकट मिळत नाही, शनिवार-रविवारी तर अजिबातच नाही. तरीही हा मेक्सिकन सिनेमा मला शेजारच्या वाडीतला वाटतो. कमी पैशांतल्या मारधाडपटात गावचा माणूस गावातच नायक होऊ शकतो. पैसा आला की आधी तो माणूस बदलतो आणि मग गावही बदलतं. आमच्या किनाऱ्याला हा अनुभव चांगलाच आहे. त्याकडे येतोच, पण आधी सिनेमा.

'एल मारियाची' १९९२चा. खर्च सुमारे ७,००० डॉलर. त्यातले जवळपास ३,००० डॉलर रॉड्रिगेझने एका औषधाच्या चाचणीसाठी स्वतःचं शरीर भाड्याने देऊन कमावले. शूटिंग टेक्सासच्या सीमेपलीकडच्या सिउदाद अकुन्या या मेक्सिकन गावात, दोन आठवड्यांत. नायक कार्लोस गायार्दो हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. ट्रॉली नव्हती म्हणून व्हीलचेअरवर बसून कॅमेरा फिरवला. कॅमेऱ्याबरोबर आवाज रेकॉर्ड होत नव्हता, म्हणून शॉट झाला की नट तेच संवाद पुन्हा बोलत आणि ते वेगळे टेप होत. एडिटिंगला ओठ आणि शब्द जुळेनासे झाले की रॉड्रिगेझ दुसऱ्या शॉटवर उडी मारी. या सिनेमाच्या ज्या वेगाचं कौतुक झालं, त्यातला बराचसा या गैरसोयीतून आलेला आहे.

कथा साधी आहे. गिटारच्या पेटीत गिटार घेऊन फिरणारा वादक आणि तशाच पेटीत शस्त्रं घेऊन फिरणारा गुंड. दोघांचे कपडे काळे. गुंडाचे शत्रू वादकाच्या मागे लागतात. काळे कपडे आणि पेटी दिसली की गोळी घालायची, एवढीच त्यांना सूचना. माणसाचा चेहरा बघायची गरज कुणालाच वाटत नाही.

मेक्सिकन माणसाच्या बाबतीत ही सवय हॉलिवूडला जुनीच होती. वेस्टर्न चित्रपटांत तो दरोडेखोर असे, नाहीतर भेदरलेला गावकरी. सभ्य, हुशार मेक्सिकन अधिकारी दाखवायचा होता, तेव्हा 'टच ऑफ इव्हिल'मध्ये (१९५८) चार्ल्टन हेस्टनचा चेहरा रंगवून सावळा केला गेला. या पार्श्वभूमीवर गायार्दोचा गोंधळलेला, घाबरलेला, धडपडत पळणारा नायक किती वेगळा आहे ते लक्षात येतं. तो स्पॅनिश बोलतो आणि स्वतःच्या जिवासाठी स्वतःच लढतो.

कोलंबियाने हा सिनेमा विकत घेतला, सनडान्स महोत्सवात १९९३ साली त्याला प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला. मग १९९५ साली पुढचा भाग आला, 'डेस्परॅडो'. खर्च सुमारे ७० लाख डॉलर, म्हणजे बरोबर हजारपट. भाषा इंग्रजी झाली. नायक झाला आंतोनियो बांदेरास, स्पेनमधला. पहिल्या सिनेमाचा शेवट फ्लॅशबॅकमध्ये येतो, तर त्या आठवणीतही आता बांदेरासच आहे. गायार्दो नायकाच्या मदतीला येणारा दोस्त झाला. बांदेरास देखणा आहे, त्याचं काम मला आवडतंही. पण पहिल्या मारियाचीला लागलेली धाप या मारियाचीला लागत नाही.

आता आमच्या किनाऱ्याकडे या. किहीमहून रिक्षाने थोड्याच वेळात मांडवा येतं. 'अग्निपथ'मुळे (१९९०) हे नाव देशभर पोचलं, विजय दीनानाथ चौहानच्या पूर्ण नावाबरोबर गावाचं नावही लोकांना पाठ झालं. २०१२ साली तो सिनेमा पुन्हा बनला, तेव्हा मांडव्याचं शूटिंग झालं दीवला. मुंबईहून लाँचने गाठता येणारं खरं मांडवा सोडून थेट गुजरातच्या टोकाला जाणं मोठ्या बजेटलाच परवडतं. गरीब सिनेमा इथेच आला असता आणि त्याला आमची सुरूची झाडं, आमची वाळू आणि आमची बोली टाळताच आली नसती.

माणसाचंही तसंच. 'सिंघम'मधला (२०११) बाजीराव आमचाच, मराठी, पण नायक अजय देवगण. अशोक सराफ आहेत, हेड कॉन्स्टेबल म्हणून. डेस्परॅडोतल्या गायार्दोची जागा ती हीच. बाहेरच्याने मराठी माणसाची भूमिका करूच नये, असं माझं म्हणणं नाही. अभिनय म्हणजे दुसऱ्याचं आयुष्य अंगावर घेणंच. खटकतं ते एवढंच की ही अदलाबदल उलट्या दिशेने फारशी होत नाही.

रॉड्रिगेझला हे कुठेतरी बोचलं असावं, असं 'मशेटी' (२०१०) बघताना मला वाटतं. 'डेस्परॅडो'मध्ये एकही शब्द न बोलता सुरे फेकणारा डॅनी ट्रेहो इथे ६६व्या वर्षी नायक आहे. हा सिनेमाही हॉलिवूडच्या हिशेबात स्वस्तातलाच. मशेटी हा मेक्सिकोचा माजी पोलीस अधिकारी टेक्सासमध्ये नाक्यावर रोजंदारीसाठी उभा राहतो. एका प्रसंगात त्याला श्रीमंताच्या बंगल्यात शिरायचं असतं. तो माळीकामाची अवजारं घेतो आणि सरळ फाटकातून आत जातो. पहारेकऱ्यांना माळी दिसतो, माणूस दिसत नाही. गिटारच्या पेटीची जुनी युक्ती इथे नायकाच्या बाजूने उलटली आहे.

किहीममध्ये बसून हा प्रसंग बघितला की हसू येतं आणि मग थांबतं. वाडी विकून त्याच वाडीत उभ्या राहिलेल्या बंगल्याची राखण करणारे लोक या किनाऱ्यावर आहेत. त्यांच्या हातातली झारी सगळ्यांच्या ओळखीची आहे.

महाराष्ट्रात हा खेळ खऱ्या अर्थाने खेळला तो मालेगावने. त्याची वाटही मेक्सिकोवरूनच जाते. 'द मॅग्निफिसंट सेव्हन'मध्ये (१९६०) मेक्सिकन गावाला वाचवायला अमेरिकेतून बंदूकबाज येतात. तीच कल्पना 'शोले'त (१९७५) रामगढला आली. आणि २०००च्या सुमारास शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' केला, तेव्हा डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून आले. लोक हसले, पण ती सायकल यंत्रमागावर जाणाऱ्या माणसाचीच होती. वाचवणारेही मालेगावचे, लुटणारेही मालेगावचे. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' झाला शफीक शेख, मागावर काम करणारा, अंगाने काटकुळा. फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात तो बघायला मिळतो. मग रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला, मोठ्या पैशांचा, मनापासून केलेला. त्यात नासिर आणि शफीक यांच्या भूमिका आदर्श गौरव आणि शशांक अरोरा यांनी केल्या. मालेगाववाल्यांचीही ती पाळी आलीच.

मात्र गरिबीचं कौतुक जपून करावं. ७,००० डॉलरची दंतकथा सांगताना, प्रदर्शनाआधी स्टुडिओने त्या फिल्मवर कित्येक पट जास्त खर्च केला होता, हे गाळलं जातं. मालेगावचे सिनेमे दोस्तांच्या मेहनतीवर उभे राहिले, आणि त्या मेहनतीचं मोल फारसं कुणाला मिळालं नाही. स्वस्त म्हणून नजर नवी होते असंही नाही. 'एल मारियाची'तली डोमिनो स्वतःचा बार चालवणारी, सिनेमातली सगळ्यात शहाणी बाई. नायकाला सूड घ्यायला कारण हवं म्हणून शेवटी तिचा जीव जातो. इथे हा सिनेमा कुठल्याही मोठ्या सिनेमाइतकाच आळशी आहे.

आमच्याकडे सामानाची कमतरता नाही. यूट्यूबवर आगरी-कोळी गाण्यांचे व्हिडिओ बघा. ड्रोन आहे, बरा कॅमेरा आहे, होड्या आहेत, आणि ऐटीत चालणारा गावचाच हिरो आहे. तो नाचतो, लग्न लावतो, बोटीवर गॉगल घालून उभा राहतो. त्याच्यापुढे अजून संकट मात्र कुणी उभं केलेलं नाही. संकट शोधायला लांब जायला नको. सातबारा आहे, बंद झालेली समुद्राची पाऊलवाट आहे, कपड्यांवरून माणूस ओळखणारं फाटक आहे.

हा सिनेमा कुणी करणार असेल, तर स्टंटमन आणावा लागणार नाही. माडावर सरसर चढणारे, भरतीत होडी घालणारे आणि कुठल्या बंगल्याच्या कुंपणाची जाळी कुठे फाटली आहे हे जाणणारे चोंढी नाक्यावर भेटतील. नायकाला फक्त आगरीत बोलू द्या, आणि गोष्टीतल्या बाईला शेवटापर्यंत जिवंत ठेवा.