दोघांनी चढायचा शेवट

नॉर्वेतल्या ‘नॉर्समन’ ट्रायथलॉनचा विषय निघाला की बोलणं बोटीवरच्या उडीपासून सुरू होतं. पहाटेच्या अंधारात फेरीबोटीच्या उघड्या दारातून काळ्या पाण्यात उड्या घेणारी माणसं, हे दृश्यच तसं आहे. मला मात्र ही शर्यत शेवटाकडून वाचायला आवडते. गाउस्टाटोप्पेन नावाच्या डोंगराच्या माथ्यावरून एकेक टप्पा मागे येत गेलं की तिची रचना उलगडत जाते, आणि तयारीत कशाला किती वजन द्यायचं तेही कळतं.

अंतरं ‘आयर्नमॅन’चीच आहेत : ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं. २००३ साली हॉरेक स्ट्रानहाइम यांनी ही शर्यत सुरू केली ती वेगळ्याच कल्पनेने. एरवीच्या ट्रायथलॉनमध्ये शहराभोवती फेऱ्या असतात, कठड्यांमागे प्रेक्षक असतात, दर थोड्या अंतरावर पाणी आणि केळी हातात मिळतात. इथे हार्डांगर फ्योर्डमधून, म्हणजे समुद्रपातळीवरून निघायचं आणि सुमारे १,८५० मीटर उंचीवर थांबायचं. एकंदर चढाई ५,००० मीटरच्या आसपास. वाटेत आयोजकांकडून खाणंपिणं नाही. प्रत्येकाने आपला माणूस, आपली गाडी आणि आपली शिदोरी आणायची. रोख बक्षीसही नाही. माथा गाठणाऱ्याला एक काळा टी-शर्ट मिळतो. एवढ्यासाठी दरवर्षी हजारो लोक सोडतीत नाव घालतात आणि त्यातल्या सुमारे अडीचशे जणांचं निघतं.

आता शेवट पाहू. धावण्याचे साडेसदतीस किलोमीटर झाले की स्टाव्सरो नावाचं ठिकाण येतं, उंची १,१७३ मीटर. इथे डांबरी रस्ता सुटतो आणि दगडांची पायवाट सुरू होते. उरलेल्या पावणेपाच किलोमीटरांत पावणेसातशे मीटरच्या आसपास चढायचं. आतकरवाडीतून सिंहगडावर पायी जाणाऱ्या पुणेकराला हा आकडा ओळखीचा वाटेल. चढाई साधारण तेवढीच आहे. फरक पायाखाली आहे. गाउस्टाटोप्पेनचा वरचा भाग म्हणजे सुट्या, कोनदार दगडांचा खच. प्रत्येक पाऊल पाहून टाकावं लागतं, आणि ते पाहायचं असतं दिवसभराच्या श्रमांनी डोळ्यांवर झापड आलेली असताना.

इथेच या शर्यतीचा सर्वांत सुंदर नियम लागू होतो. स्टाव्सरोच्या पुढे एकट्याने जाता येत नाही. दिवसभर गाडी चालवत, बाटल्या भरून देत, पुढे जाऊन वाट पाहत आलेला साहाय्यक आता पाठीवर सॅक चढवतो आणि स्पर्धकाबरोबर निघतो. दोघांच्याही सॅकमध्ये गरम कपडे, खाणं, पाणी आणि हेडलॅम्प हवाच. त्याशिवाय डोंगरावर सोडत नाहीत. हवा बिघडली तर डोंगरच बंद होतो. नियम सुरक्षेसाठी आहे, हे उघड आहे. पण रचना म्हणून पाहिलं तर त्याने शर्यतीचा सगळा तोलच पालटतो. पहाटे प्रत्येकजण पाण्यात एकटा उडी मारतो, आणि दिवस मावळताना शर्यत दोघांची होते. वेगाचंही तसंच आहे. सायकलवर उतारात ताशी साठ-सत्तर किलोमीटरने सुटलेला माणूस रस्त्यावर धावू लागतो, मग चढावर चालू लागतो, आणि शेवटी हात टेकत दगडावरून दगडावर जातो. टप्प्याटप्प्याने वेग काढून घेत आणलेला हा शेवट मला कुठल्याही धावत्या, टाळ्यांच्या गजरातल्या शेवटापेक्षा जास्त भारून टाकतो.

हा शेवट नीट वाचला की तयारीतली पहिली गोष्ट हाती लागते : चालायला शिका. मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या मनात चालणं म्हणजे माघार, असं पक्कं बसलेलं असतं. नॉर्समनच्या धावण्यातले पहिले पंचवीसेक किलोमीटर टिन्शो या लांबट, खोल तलावाच्या काठाने, जवळपास सपाटीवरून जातात. त्यानंतर डावीउजवीकडे वळणं घेत वर जाणारा घाटरस्ता लागतो. त्याला सगळे ‘झोंबी हिल’ म्हणतात, आणि तो चढणाऱ्यांचे चेहरे पाहिले की नावाचा खुलासा मागावा लागत नाही. तिथे पहिल्या काही जणांचा अपवाद सोडला तर सगळे चालतात. म्हणजे या मॅरेथॉनचा उत्तरार्ध चालण्याचा आहे. जो झपझप, लयीत, कंबरेत न वाकता चढ चालू शकतो तो धडपडत धावणाऱ्याला मागे टाकतो. त्यासाठी लागणाऱ्या पोटऱ्या सपाट रस्त्यावर धावून तयार होत नाहीत. त्या चढावरच घडतात, पाठीवर वजन घेऊन, आधीच दमलेल्या पायांनी. शनिवारी लांबची सायकल आणि रविवारी सकाळी सॅक घेऊन गड, ही जोडी मला या तयारीचा गाभा वाटते. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाकडे ही शिदोरी आयतीच असते. तिला खेळाडूची तयारी म्हणून मान द्यायचं तेवढं राहून जातं. उतरण्याची चिंताही फार नको, कारण माथ्यावरून खाली यायला डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे आहे. शीतयुद्धाच्या काळात ती लष्करासाठी बांधली होती.

टिन्शोच्या काठाने धावताना आपण कुठून जातोय हे किती जणांच्या मनात येत असेल, असा विचार माझ्या डोक्यात नेहमी येतो. दुसऱ्या महायुद्धात, २० फेब्रुवारी १९४४ रोजी, जर्मनीकडे जड पाणी घेऊन निघालेली ‘हायड्रो’ ही फेरीबोट नॉर्वेजियन प्रतिकारकांनी याच तलावात बुडवली. त्याच्या वर्षभर आधी, १९४३च्या फेब्रुवारीत, त्यांनी रियुकानजवळच्या व्हेमोर्कच्या कारखान्यातली जड पाण्याची यंत्रणा उडवून दिली होती आणि बर्फातून हार्डांगरविड्डाच्या पठारावर निसटून गेले होते. शर्यत हे सगळं वेगळ्या क्रमाने ओलांडते : आधी पठार, मग तलाव, मग रियुकानची दरी. ही दरी इतकी अरुंद आणि भोवतालचे डोंगर इतके उंच की हिवाळ्याचे काही महिने गावात ऊन पोचतच नाही. २०१३ साली डोंगराच्या कडेवर मोठे आरसे बसवून तिथल्या चौकात ऊन पाडण्याची सोय केली गेली. ज्या उंचीने गावाचा सूर्य अडवला, ती आपण संध्याकाळी पायांनी चढणार आहोत, हे ठाऊक असलं तर चढाकडे बघण्याची नजर बदलते.

सायकलच्या टप्प्यावरून मी थोडक्यात सरकतो, जरी तो सर्वांत लांब आहे. फ्योर्डकाठच्या आइडफ्योर्ड गावातून निघालं की जवळजवळ लगेच चढ सुरू होतो. मोबोदालेनच्या दरीतून, जुन्या रस्त्याने आणि बोगद्यांतून ड्यूरानुटला, म्हणजे सुमारे १,२५० मीटरवर पोचायचं. मग विड्डाचं उघडं पठार, यायलो गाव, आणि त्यानंतर एकामागून एक चार चढ. शेवटचा इमिंगफ्येल. पठारावर ऑगस्टमध्येही पारा पाच अंशांच्या आसपास येऊ शकतो, पाऊस आडवा लागतो. घामाने ओला झालेला माणूस तिथे दोन मिनिटं थांबला तरी काकडतो. इथली तयारी म्हणजे संयमाची. पहिल्या चढावर पाय ताजे असतात, आजूबाजूचे पुढे जाताना दिसतात, आणि जो त्यांच्या मागे लागतो त्याची किंमत त्याला आठ तासांनी झोंबी हिलवर मोजावी लागते. खाण्याचंही तसंच. ताशी साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, पण पाच तासांनंतर गोड जेल नकोसं होतं. उकडलेला खारा बटाटा, गरम सूप, खजूर, जे पोट मान्य करेल ते सरावातच ठरवून ठेवावं लागतं.

आणि आता उडी. ती मी मुद्दाम मागे ठेवली, कारण तिची भीती वाजवीपेक्षा जास्त आणि तिची तयारी वाजवीपेक्षा कमी केली जाते. बोटीच्या वाहनतळाच्या डेकवर वेटसूट घातलेली माणसं दाटीवाटीने उभी असतात. एका बाजूला नळीतून फ्योर्डचं पाणी फवारत असतं. ते मानेवरून सुटाच्या आत सोडून घ्यायचं, चेहऱ्यावर घ्यायचं. मग दारापाशी यायचं, सुमारे चार मीटर खाली पाहायचं आणि पाय आधी ठेवून उडी टाकायची. पाणी बहुधा तेरा ते पंधरा अंशांचं असतं. काही वर्षी त्याहून गार. २०१५ साली तर ते इतकं थंड होतं की पोहण्याचं अंतर कमी करावं लागलं.

ती फवारणारी नळी या शर्यतीच्या शहाणपणाची खूण आहे. गार पाण्यात अचानक पडलं की शरीर आधी एक मोठा श्वास आत ओढतं, मग धापांवर धापा लागतात, आणि हे पहिली एक-दोन मिनिटं आपल्या हातात राहत नाही. माणूस गारठून बुडण्याआधी या धापेने बुडू शकतो. चेहऱ्याला आणि मानेला आधीच गारवा लावला की धक्का ओसरतो. त्याहून चांगली गोष्ट अशी की सवयीनेही तो ओसरतो, आणि त्याला महिने लागत नाहीत. थंड पाण्यातल्या काही मिनिटांच्या मोजक्या डुबक्यांनीही फरक पडतो, आणि ती सवय बराच काळ टिकते. आपल्याकडे मुळशी-पानशेतचं पाणी भर थंडीतही इतकं गार होत नाही. तेव्हा इथून जाणाऱ्याने पिंपात बर्फ ओतून मानेपर्यंत बसायचं, सोबतीला कोणीतरी शेजारी ठेवून, आणि उच्छ्वास लांबवत न्यायचा. धाडस लागतंच, पण उडीला खरा उपयोग या कंटाळवाण्या सरावाचा होतो.

पोहून किनाऱ्याला लागलेल्या माणसाचे हात पाहण्यासारखे असतात. बोटं पांढरी पडलेली, अंगठा आणि तर्जनी जुळत नाहीत. पाठीवरच्या चेनची दोरी सापडते पण ओढली जात नाही. इथे साहाय्यक पुढे होतो. तो चेन ओढतो, सूट खांद्यावरून खाली सोलतो, स्पर्धकाला बसवून टाचेवरून एकेक पाय मोकळा करतो. मग पंचाने पाय कोरडे करतो, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मोजा आधी गुंडाळून चुंबळीसारखा केलेला असतो, म्हणजे ओल्या त्वचेवर ओढत बसावं लागत नाही. हेल्मेटचा पट्टा, दिवे, हातमोजे. यातलं काहीही घाईत जमत नाही, आणि त्या क्षणी ते सुचतही नाही. घरी, पायांवर गार पाणी ओतून, दोघांनी ते पुन्हा पुन्हा केलेलं असावं लागतं. लहान मुलाला शाळेसाठी तयार करावं तसं एका धडधाकट माणसाने दुसऱ्या धडधाकट माणसाला तयार करणं, यातली माया मला या शर्यतीच्या सुरुवातीलाच मोहात पाडते.

म्हणून तयारीचं वेळापत्रक लिहिताना कागदावर दोन रकाने हवेत, असं माझं आग्रहाचं मत आहे. दुसरा रकाना साहाय्यकाचा. तो रात्री तीनच्या सुमारास उठलेला असतो, दिवसभर अनोळखी घाटरस्त्यांवर गाडी चालवतो, स्वतः धड जेवत नाही, आणि संध्याकाळी वजन घेऊन दगडांतून पावणेसातशे मीटर चढतो. त्याच्या पायांना सराव नसेल तर माथ्यावरची जोडी त्याच्यामुळेच मोडते. लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांमध्ये ही जाण आपल्याकडे आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली तेव्हा गाडीतल्या मंडळींशिवाय तसं काही होत नाही, हे इकडच्या अनेकांना पहिल्यांदा उमगलं. पण तिथे गाडीतला माणूस गाडीत राहतो. नॉर्समन त्याला गाडीतून उतरवते आणि डोंगरावर नेते.

एक गोष्ट उरते, आणि तिच्यावर मतं दुभंगलेली असतात. डोंगर सगळ्यांना मिळत नाही. वर जाण्याआधीच्या नाक्यावर पहिल्या १६० जणांत जो आला त्यालाच माथ्याची वाट मोकळी होते. बाकीचे खालीच, गाउस्टाब्लिकला तेवढंच अंतर पुरं करतात आणि त्यांना पांढरा टी-शर्ट मिळतो. काहींना हे निर्दय वाटतं. मला ते पटत नाही. अरुंद पायवाट, उतरती संध्याकाळ आणि क्षणात फिरणारी हवा यांना संख्येची मर्यादा हवीच. शिवाय या एका नियमाने शर्यतीचा रस भलत्याच ठिकाणी साठतो. पहिला येणारा दहा तासांच्या आसपास माथ्यावर असतो, त्याचं कौतुक आहेच. पण खरी ओढाताण दीडशेव्या ते एकशे सत्तराव्या क्रमांकाच्या दरम्यान, टिन्शोच्या काठावर चाललेली असते, आणि तिथे क्रमांक ठाऊक असतो तो रस्त्याकडेला उभं राहून येणारे-जाणारे मोजणाऱ्या साहाय्यकाला. त्याने तो सांगायचा का? एकशे अठ्ठावन्न ऐकून एखादा उसळतो, दुसरा घाबरून पाय आवळून बसतो. आपला माणूस यातला कोणता, आणि त्याला आकडा हवा आहे की नुसतं ‘चल’ म्हणायचं आहे, हे दोघांनी महिनोन्‌महिने आधी, दमलेल्या अवस्थेतल्या सरावात ताडून ठरवायचं असतं.