बाबूराव आपटे यांची हिंदी

लोकप्रिय विनोदी चित्रपटांवर आपल्या पत्रिकेत सहसा लिहिले जात नाही. नाटकावर लिहिले जाते, कथा-कादंबरीवर लिहिले जाते. चित्रपट ही घरी पाहण्याची आणि जेवताना बोलण्याची गोष्ट मानली जाते. एका हिंदी चित्रपटाविषयी मात्र पांढुर्णा-सौंसर भागातील मराठी घरांतून गेली पंचवीस वर्षे जी मते ऐकू येतात, त्यांत करमणुकीपेक्षा अधिक काही आहे. हसता हसता माणसे आपल्याच बोलण्याविषयी मत देत असतात, आणि ते मत फारसे तपासून पाहिलेले नसते. म्हणून हा प्रपंच.

चित्रपट ‘हेरा फेरी’. ३१ मार्च २००० रोजी तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक प्रियदर्शन, लेखक नीरज व्होरा. कथा मूळची मल्याळी. सिद्दीक आणि लाल या जोडीच्या ‘रामजी राव स्पीकिंग’ या १९८९ सालच्या चित्रपटावरून ती घेतली आहे. मुंबईतील एका जुनाट घरात तिघे राहतात : घरमालक बाबूराव गणपतराव आपटे, भाडे थकवणारा राजू आणि नोकरीच्या खटपटीत आलेला श्याम. तिघेही पैशाच्या विवंचनेत. दूरध्वनीच्या क्रमांकांची गफलत होते आणि एका श्रीमंत गृहस्थाच्या नातीला पळवणाऱ्या कबीराचा फोन या घरात येऊन पडतो. तिघे ठरवतात की आपण मध्यस्थ व्हायचे, आजोबांकडून दुप्पट रक्कम मागायची, निम्मी गुंडाला द्यायची आणि निम्मी आपण ठेवायची. पुढे जो गोंधळ होतो तो सर्वांना पाठ आहे.

आपल्याकडील जुन्या मंडळींचा पहिला आक्षेप ठरलेला असतो : हिंदी चित्रपटवाल्यांनी पुन्हा एकदा मराठी माणसाला विदूषक केले. जाड भिंगांचा चष्मा, वर खोचलेले धोतर, बनियन, जमेल तेव्हा घेतलेला घोट, आणि ती मोडकी हिंदी. हा आक्षेप निराधार नाही. हिंदी पडद्यावर मराठी माणूस दीर्घकाळ मोलकरीण, हवालदार नाहीतर गडी म्हणूनच आला. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासारखा नट मराठीत चित्रपटच्या चित्रपट एकट्याच्या नावावर चालवीत असताना ‘मैंने प्यार किया’ (१९८९) आणि ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) यांत त्यांच्या वाट्याला नोकराची कामे आली. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या मनात अढी असणे साहजिक आहे. त्यात भर अशी की बाबूरावांच्या घडणीत प्रमुख मराठी हात दिसतच नाही. दिग्दर्शक केरळचे, लेखक गुजराती, नट परेश रावल हेही गुजराती रंगभूमीवर वाढलेले. १९९३ सालच्या ‘सरदार’मध्ये वल्लभभाई साकारणारे ते हेच.

या परकेपणाची एक खूण आपल्या लोकांना चटकन दिसते. आडनाव आपटे, आणि बोलणे गिरणगावातल्या चाळीचे! आडनावामागे केवढा इतिहास, केवढी जात-गोत असते, याचे भान लेखकाला नव्हते किंवा त्याची गरज वाटली नसावी. त्याला ऐकताक्षणी मराठी वाटणारे एक नाव हवे होते, ते मिळाले. हा ढिसाळपणा मान्य करावा लागतो.

तरीसुद्धा अपमानाचा आरोप मला पटत नाही, आणि त्याचे कारण चित्रपटातच आहे. बाबूरावांच्या हिंदीची टिंगल प्रत्यक्ष चित्रपटातले कोणतेही पात्र करीत नाही. मला तरी तशी जागा आढळली नाही. राजू आणि श्याम त्यांना फसवतात, चिडवतात, त्यांच्या अधू नजरेचा फायदा घेतात, परंतु ‘हे कसे बोलता?’ असे कोणी विचारीत नाही. त्या घरात ती हिंदी ही नेहमीचीच भाषा आहे. घर त्यांचे, दूरध्वनी त्यांचा, आणि बोलीही त्यांची. गड्याची हिंदी मालकाच्या हिंदीपुढे खाली पडते, म्हणून ती अपमानास्पद होते. इथे खाली पाडणारी हिंदी उभीच नाही.

आता ही ‘मोडकी’ हिंदी म्हणजे नेमके काय, ते पाहू. ‘मुझे’ऐवजी ‘मेरे को’. ‘मैंने कहा’ऐवजी ‘मैं बोला’. मराठीतला ‘च’ हिंदीच्या अंगणात येऊन झालेला ‘इच’. वाक्याच्या शेवटी सोडलेला ‘रे’ आणि ‘बाबा’. ही यादी करताना मला मुंबई आठवत नाही. सौंसरचा बाजार, पांढुर्ण्याचे रेल्वेस्थानक आणि कचेऱ्यांच्या खिडक्या आठवतात. आपल्या भागात तर याहून पुढची रूपे आहेत. ‘मला पाणी पाहिजे’ हे डोक्यात ठेवून आपण सहज ‘मेरे को पानी होना’ म्हणतो. नागपूरकडे सर्रास ऐकू येणारी ही रचना शुद्ध हिंदीच्या शिक्षकाला चूक वाटते, आणि मराठीच्या शिक्षकाला ती हिंदी वाटते. ती दोघांचीही नाही, आणि दोघांच्या घरांत वापरली जाते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णा राहिले. संत्री आणि कापूस नागपूरच्या बाजाराकडे, सोयरिकी वऱ्हाडाकडे, आणि कागदपत्रे भोपाळकडे, अशी आपली तीन तोंडे झाली. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे, सौंसर त्यात आले. कचेरी जवळ आली, पण तिची भाषा तीच आहे. आपली मुले भोपाळ-इंदूरला शिकायला गेली की ‘मैं बोला’ ऐकून तिथले वर्गमित्र हसतात. तीच मुले पुण्याला गेली की त्यांच्या मराठीत हिंदी येते म्हणून तिथले हसतात. अशा घरात बाबूराव आपटे दूरचित्रवाणीवर येतात तेव्हा हसू फुटते ते वेगळ्या जातीचे असते. पुण्या-मुंबईचा प्रेक्षक एका मराठी माणसाच्या हिंदीला हसतो. आपण आपल्या काकांना ओळखतो.

म्हणूनच, मला वाटते, आक्षेप घेणारी वडीलधारी माणसे आणि पोट धरून हसणारी त्यांची नातवंडे एकाच घरात दिसतात. वडिलांच्या पिढीने शुद्ध हिंदी बोलून नोकऱ्या टिकवल्या. ‘मेरे को’ तोंडून निसटले की कानशिले तापत, असा तो काळ होता. त्यांनी कष्टाने झाकलेली गोष्ट बाबूराव चारचौघांत उघडी करतात. त्यांना राग येतो तो चित्रपटाचा नसतो, त्या जुन्या धास्तीचा असतो. फिल्मफेअरने परेश रावल यांना या भूमिकेसाठी विनोदी अभिनयाचा पुरस्कार दिला. परंतु त्यांनी केलेले मोठे काम हे की त्या धास्तीतील धास्ती काढून टाकली. देवाला ‘उचल’ म्हणून साकडे घालायचे आणि लगेच स्वतःला वगळून शेजारच्या दोघांना पुढे करायचे, ही त्यांची प्रसिद्ध विनवणी घ्या. शब्द हिंदी आहेत. त्रागा मात्र ‘उचल रे देवा’ म्हणत जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्यांचा आहे. तो नेमका सूर एका गुजराती नटाला सापडावा, याचे नवल वाटते.

मराठीत हाच चित्रपट काढला असता तर बाबूराव उरले नसते, हेही लक्षात घ्यावे. शुद्ध मराठी बोलणारे आपटे हे एक त्रस्त घरमालक, इतकेच. त्यांचे बाबूरावपण परप्रांतीय भाडेकरूंशी त्यांच्या भाषेत भांडण्यातून आले आहे. मल्याळी मूळ चित्रपटात हे सगळे नाही. तिथला मन्नार मथाई हा डबघाईला आलेल्या नाटक कंपनीचा मालक आहे आणि त्याच्याभोवतीचे सगळे त्याचीच भाषा बोलतात. भाषेचा हा पदर कथेला मुंबईत येऊन मिळाला. २००६ साली नीरज व्होरा यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘फिर हेरा फेरी’त मात्र या पदराची झालर झाली. बाबूराव तिथे स्वतःची नक्कल करतात. पैसे दुप्पट करण्याच्या आमिषाला फसलेल्या माणसांची ती गोष्ट वाईट नव्हती, पण हसू यावे म्हणून बोली ताणलेली ऐकू येते. ज्यांना अपमानाचा आरोप करायचा आहे त्यांनी तो या दुसऱ्या भागावर करावा. मी आडवा येणार नाही.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. लहान मुलीला पळवले आहे, आणि आपण ज्यांच्यावर लोभ करतो ती तीन माणसे त्या संकटातून नफा काढू पाहतात. हे हसण्याजोगे आहे काय? चित्रपटाचे उत्तर असे की फोन येण्यापूर्वी बेकारी, कर्ज आणि अपमान यांचा पुरेसा हिशेब मांडलेला आहे; शिवाय शेवटी तिघे मुलीसाठी जीव धोक्यात घालतात. उत्तर बरे आहे, पण पुरे नाही. मुलीला स्वतःचे असे काहीच दिलेले नाही. ओ. हेन्रीची ‘द रॅन्सम ऑफ रेड चीफ’ ही १९०७ सालची कथा फसलेल्या अपहरणाचीच आहे. तिथे पळवलेला पोरगा इतका द्वाड निघतो की शेवटी अपहरणकर्तेच बापाला पैसे देऊन त्याला परत घ्यायला लावतात. विनोद पळवलेल्याच्या हाती आहे, म्हणून तो निर्दोष वाटतो. ‘हेरा फेरी’तील रिंकू ही केवळ एक रक्कम आहे : कबीराने मागितली तर एकपट, बाबूरावांच्या घरून मागितली तर दुप्पट.

आपल्या गावाने या बाबतीत फार मान वर करून बोलू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. मधोमध रोवलेला पळस आणि त्यावरचा झेंडा, दोन्ही काठांवरून येणारे गोटे, शेकडो जखमी. काही वर्षी जीवही गेले आहेत. आख्यायिका अशी सांगतात की पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणली आणि नदीच्या पात्रातच दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना गाठले. फसलेल्या अपहरणाची इतकी जुनी गोष्ट ज्या गावाने जपली आहे, त्या गावात त्या मुलीचे नाव सांगणारा मला अद्याप भेटलेला नाही. तिची इच्छा होती की नव्हती, याविषयीही प्रत्येक जण वेगळे सांगतो. कोणाचा झेंडा पडला, हे मात्र सर्वांना ठाऊक असते. तेव्हा रिंकूविषयीचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे; तो चित्रपटगृहाबाहेर आल्यावरही मान्य असावा, एवढेच.

तिसरे मत तरुणांचे, आणि त्यांचे म्हणणे असे की यावर इतका विचार कशाला. मे २०२५ मध्ये परेश रावल तिसऱ्या भागातून बाहेर पडल्याची बातमी आली आणि जूनमध्ये ते परतल्याची. मधले काही आठवडे आमच्याकडची पोरे घरात कोणी आजारी असावे तशी विचारपूस करीत होती. त्यांच्यातील पुष्कळांनी अख्खा चित्रपट कधी पाहिलेला नाही. मोबाइलवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे येतात, त्यांत चष्मा, धोतर आणि एक वाक्य असते. त्या तुकड्यांतले बाबूराव खरोखरच विदूषक आहेत, आणि म्हाताऱ्यांचा आक्षेप तिथे अगदी बरोबर लागू पडतो. या मुलांना पहिला तास बसवून दाखवावा. त्यात कोणाला पळवलेले नाही. वडिलांच्या जागेवर हक्क सांगत बँकेत खेटे घालणारा श्याम आहे, मोठ्या नोकरीत असल्याची थाप आईला मारणारा राजू आहे, आणि थकलेल्या भाड्यासाठी परक्या भाषेत तंडणारा एक मराठी म्हातारा आहे.