कॉलिन मान वर करून पाहतो तेव्हा

रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ (१९८२) आपल्याला आपला वाटतो तो आधी रोहिणी हट्टंगडी यांच्या कस्तुरबांमुळे आणि कोल्हापूरच्या भानू अथय्या यांच्या वेशभूषेमुळे. भारताला पहिलं ऑस्कर मिळालं ते याच वेशभूषेसाठी. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटातली मिठाची मूठ, आगगाडीच्या टपावरची गर्दी, अंत्ययात्रेचा तो अथांग जनसागर आपल्या स्मरणात पक्कं घर करून असतात. या भव्यतेत दक्षिण आफ्रिकेतल्या एका फुटपाथवरचा छोटासा प्रसंग मात्र सहज निसटून जातो. तिथं थोडं रेंगाळू या, कारण तिथं एक उंच, शिडशिडीत, टोकदार नाकाचा पोरगा वाट अडवून उभा आहे आणि त्याचं नाव डॅनियल डे-लुईस आहे.

तरुण गांधी (बेन किंग्जली) आणि त्यांचे पाद्री मित्र चार्ली अँड्र्यूज (इयन चार्ल्सन) बोलत चालले आहेत. समोर तीन गोरे टगे. दुसऱ्या वाटेनं जावं असं अँड्र्यूजना वाटतं. गांधी मात्र, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा असं तुमच्या ख्रिस्तानं म्हटलंय ना, असं विचारतात आणि चालत राहतात. ते वचन लाक्षणिक असावं, असं पाद्री चाचरत सुचवतो. बॅरिस्टरला ते शब्दशः खरं वाटतं. पाद्र्याला बायबल उलगडून सांगणारा हा हिंदू वकील आणि क्षणाक्षणाला कमी होत जाणारं ते पावलांचं अंतर! तत्त्वचर्चेला असा श्वास रोखायला लावणारा ताण क्वचितच लाभतो. ना लाठी, ना घोषणा, ना जमाव. एक रस्ता, आणि त्यावर कुणी चालायचं हा प्रश्न.

त्या टग्यांचा म्होरक्या म्हणजे आपला कॉलिन. त्याच्या वाट्याला आलेले शब्द मोजके आणि विखारी. अशा भूमिकेत नवा नट हमखास दात-ओठ खातो. इथं तसं होत नाही. या पोराचा द्वेष आरामात उभा आहे, ही गल्ली आपल्या बापाचीच असल्यासारखा, आणि त्या ऐसपैसपणामुळेच तो अधिक भिववतो. मग वरच्या खिडकीतून आईची हाक येते. काय चाललंय तुझं, असं ती विचारते. कामाला उशीर झालाय, याची आठवण देते. कॉलिन मान वर करून पाहतो आणि आपण जरा वस्तीची साफसफाई करतोय, असं उत्तर देतो. हे वाक्य कानांत घोळवून पाहावं. त्यातला अर्धा भाग आईसाठी आहे, अर्धा दोस्तांसमोर राखायच्या रुबाबासाठी. आणि या दोन्हींच्या फटीतून उशिरा उठणारा, कामाला दांडी मारू पाहणारा एक साधा पोरगा डोकावतो. गांधी त्याला जाता जाता सांगतात, इथं सगळ्यांना पुरेल एवढी जागा आहे. किंग्जलींच्या स्वरातलं मार्दव आपण नेहमीच वाखाणतो; पण ते मार्दव जिच्यावर पडून उजळतं ती खडबडीत भिंत या नवख्या नटानं उभी केली आहे, याचंही श्रेय द्यायला हवं.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ‘माय लेफ्ट फूट’, ‘देअर विल बी ब्लड’ आणि ‘लिंकन’ या तीन चित्रपटांसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर त्याला मिळालं. गोऱ्यांचा फुटपाथ गोऱ्यांपुरता राखणारा हा पोरगा तीस वर्षांनी, २०१२ मध्ये, गुलामगिरी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीसाठी एकेक मत गोळा करणारा राष्ट्राध्यक्ष होतो, हा योगायोग रसिकाला सुखावणाराच.

पण मला अधिक मोह पडतो तो १९८५च्या ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’चा. पटकथा हनीफ कुरेशींची, दिग्दर्शन स्टीव्हन फ्रिअर्सचं. रात्रीची वेळ, लंडनमधला रस्ता, एका पाकिस्तानी कुटुंबाच्या गाडीला गोऱ्या टग्यांनी घेरलंय. त्या टोळक्याच्या जरा बाजूला जॉनी उभा आहे: डे-लुईसच. गाडीतला ओमर त्याला ओळखतो, दार उघडतो आणि त्या घोळक्याकडे दुर्लक्ष करून सरळ त्याच्याकडे चालत जातो. पुन्हा तोच रस्ता, तेच टोळकं, न बिचकता पुढे येणारा तसाच एक सावळा तरुण! फरक एवढाच की, कॉलिनला वाटेतून बाजूला व्हायला आईची हाक लागली होती. जॉनीला मात्र समोरच्याच्या चेहऱ्यात आपला जुना शाळासोबती दिसतो, आणि त्या दोघांची प्रेमकथा इथूनच सुरू होते. हे दोन प्रसंग एकाच संध्याकाळी, लागोपाठ पाहावेत. पाहताना आधी ‘गांधी’च लावावा.