घर, पगार आणि रंगमंचाबाहेरची भिवंडी

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ची (१९९७) चर्चा बहुधा १९८२ च्या गिरणी संपाच्या शोकान्तिकेपाशी थांबते. घरातली भांडणे हे त्या शोकान्तिकेचे निव्वळ पडसाद मानले, की भांडणांचे स्वतःचे तर्कशास्त्र दिसेनासे होते. बिल नॉटनच्या ‘स्प्रिंग अँड पोर्ट वाइन’मध्ये बोल्टनच्या गिरणीत काम करणारा बाप मुलीने नाकारलेला मासा प्रत्येक जेवणाला तिच्याच पुढे ठेवायला लावतो. ही सत्ता जाचक असली तरी निर्धास्त आहे. तिच्यामागे नियमित पगार आहे आणि मुलेही कमावती आहेत. गिरणगावातल्या खोलीत पगारच उरलेला नाही. त्यामुळे बाबा, मोहन, नरू आणि मंजू यांना झुगारून द्यायलाही काही सापडत नाही. ती एकमेकांवर तुटून पडतात आणि सगळ्यांचे बोलणे अखेर आईवर येऊन आदळते. (तिला सोशिक म्हणून गौरवणारी समीक्षा तिचा संताप ऐकतच नाही.)

या नाट्यघाटाची एक मर्यादा मात्र नोंदवायला हवी. संपकाळात गिरणीमालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतले. तिथे बारा-बारा तासांच्या पाळीत उभा राहणारा, उत्तर प्रदेशातून वा तेलंगणातून आलेला कामगार पुष्कळदा बायकामुलांना गावी ठेवून दाटीच्या खोलीत राहतो, भिशीत जेवतो. त्याच्याही संसारात ताण आहेत. पण ते एका छपराखाली समोरासमोर येत नाहीत, पैसे पाठवायच्या तारखेभोवती साचतात. चाळीची खोली गृहीत धरणाऱ्या वास्तववादी कुटुंबनाट्याला हा संसार मांडायचा तर दोन रंगस्थळे लागतील, आणि त्यांच्यामधले अंतर संवादाने भरता येणार नाही.