मराठी रंजनकथेचे न झालेले परीक्षण

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांतून ज्या लेखकांना एखाददुसऱ्या ओळीपलीकडे जागा मिळाली नाही, त्यांचीच पुस्तके गावोगावच्या वाचनालयांत सर्वाधिक हाताळली गेली, पुनःपुन्हा बांधली गेली आणि अखेर पाने निखळून सर्वांत आधी रद्दीत गेली, ही गोष्ट आपल्या समीक्षेला फारशी खटकलेली दिसत नाही. रहस्यकथा, भयकथा, गूढकथा, साहसकथा आणि काही प्रमाणात विज्ञानकथाही, या सर्वांना 'रंजनपर' हे एकच विशेषण लावून, एकाच दप्तरात गुंडाळून वरच्या फळीवर टाकून दिले की टीकाकाराचे कर्तव्य संपते, असा जणू दंडकच आपल्याकडे पडून गेला आहे. त्या दप्तराची गाठ सोडून आतील कागदांची शहानिशा करावी, अस्सल कोणता आणि नक्कल कोणती हे पाहावे, आणि आजच्या वाचकाने त्यांतले काय अगत्याने वाचावे व काय निर्धास्तपणे वगळावे हे सांगावे, एवढ्याच हेतूने अलीकडे हे वाङ्मय मी पुष्कळसे पुन्हा आणि काही प्रथमच वाचले. त्यावरून झालेले माझे मत असे की, या क्षेत्रात लेखकांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती परीक्षकांची, आणि तिचे दुष्परिणाम लेखनावरही झालेले आहेत.

या उपेक्षेचे मूळ जुने आहे. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' अवतरली, तेव्हा मराठी कादंबरी ही बव्हंशी अद्भुतरम्यच होती. पुढे हरिभाऊ आपट्यांनी तिला मध्यमवर्गीय घरात आणून बसविले, आणि वास्तवदर्शन हीच काय ती कादंबरीची प्रतिष्ठा असा समज रूढ झाला. खुद्द हरिभाऊंनी आपल्या लेखनाचा प्रारंभ इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या एका रहस्यमय कादंबरीचा आधार घेऊन 'मधली स्थिती' लिहून केला होता, याचा मात्र पुढील पिढ्यांना सोयीस्कर विसर पडला. त्याच रेनॉल्ड्सची रूपांतरे गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी 'कालिकामूर्ति', 'बंधुद्वेष' अशा नावांनी इतक्या बेमालूमपणे केली की, विलायती सरदारांचे वाडे आणि भुयारे इथल्याच मातीतली वाटावीत. दातारांचे गद्य आज जड वाटते खरे. परंतु पुढचे प्रकरण वाचल्यावाचून पुस्तक मिटता येऊ नये अशी प्रकरणाच्या शेवटाची योजना करण्याचे जे कसब त्यांना साधले होते, ते आजच्या कितीतरी नामांकित कादंबरीकारांना साधलेले नाही.

बाबूराव अर्नाळकर यांच्याविषयी बोलताना बहुतेकांची मजल त्यांच्या पुस्तकांच्या संख्येपलीकडे जात नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा एका माणसाने लिहाव्यात, हे आश्चर्य निःसंशय मोठे आहे. पण विक्रमाचे कौतुक करणे हा परीक्षण टाळण्याचाच एक सभ्य प्रकार असतो. अर्नाळकरांची झुंजार, धनंजय आणि छोटू, काळा पहाड ही पात्रे ज्या वेगाने एका संकटातून दुसऱ्या संकटात शिरतात, तो वेग हे त्यांचे पहिले बळ. आणि शाळकरी मुलापासून गिरणीतल्या कामगारापर्यंत कोणालाही न अडखळता वाचता यावी अशी स्वच्छ, आटोपशीर मराठी हे दुसरे. उणीव आहे ती रहस्याच्या मांडणीत. अर्नाळकरांच्या कथेत गुन्हेगार सापडतो तो बहुधा वेषांतर उघडे पडल्यामुळे किंवा नायकाच्या धाडसामुळे. वाचकाच्या पुढ्यात आधीच ठेवलेल्या पुराव्यांची तर्कशुद्ध जुळणी केल्यामुळे क्वचितच. म्हणून त्यांच्या कथांना साहसकथा म्हणून वाचावे, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. दोन-चार वाचल्या तर आनंद मिळतो, पंधरा-वीस सलग वाचल्या तर साचा दिसू लागतो, आणि माझ्या मते वाचकाने दोहोंच्या मध्ये थांबावे.

नारायण धारप यांच्याकडे वळताना मात्र हात आखडता घेण्याचे कारण नाही. १९२५ ते २००८ हा त्यांचा जीवनकाल, आणि त्यातील उत्तरार्धाची बरीच वर्षे त्यांनी मराठी वाचकाला अंधाराची धास्ती घालण्यात व्यतीत केली. धारपांचे वैशिष्ट्य हे की, त्यांच्या भयाला पडक्या किल्ल्यांची वा स्मशानांची गरज लागत नाही. भाड्याने घेतलेले बिऱ्हाड, वारसाहक्काने मिळालेले जुने घर, शेजारच्या खोलीतली वृद्धा, एवढ्या सामग्रीवर, हिशेबनीस जमाखर्च मांडतो तशा निर्विकार गद्यात, ते वाचकाच्या मानेवर काटा उभा करतात. '४४० चंदनवाडी' हे एका कादंबरीचे नाव म्हणजे निव्वळ टपालाचा पत्ता, पण या नावातच त्यांची सारी रीत आली आहे. २०१८ सालच्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटातील सर्वांत भेदक प्रसंगामागे त्यांच्या 'आजी' या कथेची प्रेरणा आहे, ही गोष्ट चित्रपट पाहून थरारलेल्या किती मराठी प्रेक्षकांच्या कानी गेली असेल?

परंतु धारपांची भरपूर प्रशंसा करणाऱ्याने दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्याच पाहिजेत. पहिली त्यांच्या 'समर्थ' मालिकेविषयी. अमंगल शक्तींपासून आर्तांचे रक्षण करणारा हा सिद्धपुरुष वाचकांना अतिशय प्रिय झाला. आणि तो जितका प्रिय झाला तितकी कथेतली भीती ओसरत गेली, कारण तारणहार येणार हे निश्चित असले म्हणजे संकट कितीही विक्राळ असो, ते केवळ त्याच्या आगमनाची द्वाही फिरविणारे चोपदार ठरते. ज्या कथांत समर्थ नाहीत, जिथे एखादा साधा गृहस्थ आपल्या तुटपुंज्या बुद्धीने आणि त्याहून तुटपुंज्या धैर्याने अज्ञाताशी झगडतो, त्याच धारपांच्या श्रेष्ठ कथा होत. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. त्यांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या 'सेलम्स लॉट'वर आणि 'शपथ' ही त्याच्याच १९८६ सालच्या 'इट'वर आधारलेली आहे. रूपांतर हा काही गुन्हा नव्हे. आगरकरांनी 'विकारविलसित' लिहिताना हॅम्लेटचे ऋण राजरोस मान्य केले आणि त्याने त्यांची प्रतिष्ठा रतिभरही उणी झाली नाही. क्रूस आणि पवित्र जल यांच्यावरील श्रद्धेवर उभी असलेली पिशाचकल्पना मराठी गावात रुजविणे हे तर स्वतंत्र प्रतिभेचेच काम, आणि 'लुचाई'त ते बव्हंशी साधले आहे. पण ज्या वाङ्मयप्रकाराला समीक्षकच नाही, तिथे मूळ कोणते आणि उसने कोणते हे विचारणाराही कोणी नसतो. परिणामी पुढे ही उसनवारी उघडकीस आली की धारपांच्या संपूर्णपणे स्वतंत्र कथांकडेही वाचक संशयाने पाहू लागतो, आणि हा त्यांच्यावर अन्यायच आहे. नव्या वाचकाने त्यांच्या लघुकथांपासून आरंभ करावा, मग 'ग्रहण' आणि 'चेटकीण' या कादंबऱ्या घ्याव्यात, आणि 'शपथ' सर्वांत शेवटी.

रत्नाकर मतकरी यांची गूढकथा याहून निराळ्या घराण्यातली आहे. 'खेकडा', 'मृत्युंजयी', 'कबंध', 'रंगांधळा' हे संग्रह वाचताना लक्षात येते ते असे की, मतकरींना भुताचे फारसे अप्रूप नाही. त्यांना अप्रूप आहे ते माणसाच्या मनात दडलेल्या क्रौर्याचे, मत्सराचे आणि अपराधभावाचे, व अमानुष शक्ती येते ती त्या मनोव्यापाराला केवळ आकार देण्यापुरती. नाटककार असल्यामुळे प्रसंग कुठे तोडावा याचे त्यांचे भान अचूक. क्वचित शेवटच्या कलाटणीचा मोह अनावर होऊन कथा तिच्यासाठीच रचल्यासारखी वाटते, पण असे फार वेळा घडत नाही. अलीकडच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांचे नाव मी विनासंकोच घेईन. 'अंधारवारी'तल्या कथांपासून 'दंशकाल' या कादंबरीपर्यंत त्यांनी कोकणातले गाव, घराणे, वासना आणि वहिवाटीने चालत आलेल्या अंधश्रद्धा यांतून जे भय उभे केले आहे, त्याला धारपांचा वारसा आहे आणि धारपांना नसलेली सामाजिक दृष्टीही आहे. 'दंशकाल' ही भयकथेच्या 'पलीकडे' जाणारी कादंबरी आहे, असे म्हणण्याचा मोह तिच्या चाहत्यांना होतो. आणि नेमके इथेच आपले जुने दुखणे प्रकट होते. कृती सामान्य असली तर ती भयकथा, आणि उत्तम असली तर ती भयकथा नव्हेच, असा हा न्याय असल्यामुळे त्या प्रकाराच्या खाती जमेचा रकाना कायमच कोरा राहतो. जी. ए. कुलकर्णी यांनी 'इस्किलार'मध्ये काल्पनिक प्रदेश आणि भविष्यवाणी यांच्यावर अख्खी कथा उभारली, तेव्हाही आपण ती रूपककथेच्या खाती जमा करून मोकळे झालो.

विज्ञानकथेचे दैव मात्र वेगळे निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळ कोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर मराठीत आले आणि पुढे भा. रा. भागवतांसारख्यांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. तथापि या प्रकाराला सनद मिळाली ती १९७४ साली. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे टोपणनाव घेणारे स्पर्धक म्हणजे डॉ. जयंत नारळीकर, हे मागाहून उघड झाले. केंब्रिजमधील त्यांचे गुरू फ्रेड हॉइल हेही विज्ञानकथाकार होते, तेव्हा विद्येबरोबर हे व्यसनही गुरुगृहीच लागले असावे! 'यक्षांची देणगी' हा संग्रह १९७९ साली निघाला, आणि एका जगन्मान्य शास्त्रज्ञाने हा प्रकार हाताळला म्हणताच टीकाकारांनाही त्याची दखल घेणे भाग पडले. पण या मान्यतेची किंमत विज्ञानकथेने पुरेपूर मोजली आहे. विज्ञानप्रसाराच्या छत्राखाली वाढल्यामुळे तिच्याकडून कलेपेक्षा उद्बोधनाचीच अपेक्षा अधिक केली गेली, आणि पुष्कळ कथांत पात्रे म्हणून जी वावरतात ती वस्तुतः एकमेकांना सिद्धांत समजावून सांगणारे शिक्षक आणि विद्यार्थी होत. नारळीकरही या दोषातून सर्वस्वी मुक्त नाहीत. त्यांची पात्रे पुसट असतात. तरीही 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मी मराठीतील उत्कृष्ट कथांत गणतो. पानिपतच्या रणात विश्वासरावांना लागलेली गोळी न लागता निसटून गेली असती तर, हा प्रश्न प्रत्येक मराठी माणसाच्या उरात दोन शतके सलत असलेला. त्यातून पर्यायी इतिहासाची एक संपूर्ण मुंबई उभी करून, तिच्यात एका इतिहासकाराला हिंडवून आणून, अखेर त्या साऱ्याला पुंजभौतिकीचा आधार देणे, हे बुद्धी आणि भावना यांचे दुर्मिळ मीलन आहे. 'वामन परत न आला' ही कादंबरीही या निमित्ताने अवश्य वाचावी: लुप्त संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानावरून घडविलेला यंत्रमानव आपल्या निर्मात्यांनाच भारी पडू लागतो, हे तिचे सूत्र आज, बुद्धिमान यंत्रांची चर्चा घरोघर चालू असताना, अधिकच समीप आले आहे. लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा जेम्स गन यांनी संपादिलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात समाविष्ट झाली, आणि ती त्या योग्यतेची आहे. सुबोध जावडेकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, शुभदा गोगटे यांची नावे या प्रांतात आदराने घ्यावी लागतील; त्यांपैकी जावडेकरांच्या कथेत माणूस सर्वांत अधिक जिवंत असतो.

विज्ञानकथेला मिळालेली ही मान्यताही अखेर अपुरीच राहिली. नारळीकरांना २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला होता, पण तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला, एकाही विज्ञानकथेला नव्हे.

सुहास शिरवळकर यांच्या नशिबी 'दुनियादारी'ची अमाप लोकप्रियता आली आणि तिच्या छायेत फिरोज इराणी, दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास ही त्यांची जुनी पलटण झाकोळून गेली. संवादांच्या चटपटीतपणासाठी अमर विश्वासच्या दोन-तीन कथा वाचाव्यात, पण खटल्याच्या धाटणीवर पेरी मेसनची छाप गडद आहे हे ध्यानात ठेवून. गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीप प्रवासात सोबतीला ठीक. शशी भागवत यांची 'मर्मभेद' मात्र वगळू नये. काल्पनिक राज्य, कपटकारस्थाने, वेषधारी हेर आणि तळपत्या तलवारी यांच्या या कादंबरीत दातारांची परंपरा पुन्हा एकदा तेजाने उजळलेली दिसते.

सर्वांत मोठी पोकळी आहे ती बुद्धिप्रधान रहस्यकथेची. बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश १९३२ साली अवतरला आणि पुढे सत्यजित राय यांचा फेलुदा आला. दोघांनाही तिथल्या सुसंस्कृत वाचकाने आपल्या वाङ्मयाच्या दिवाणखान्यात मानाने बसविले. अशोक जैन यांच्या सरस अनुवादामुळे फेलुदा मराठीतही रमला, पण त्याच्या शेजारी बसविता येईल असा मराठी सत्यान्वेषी अद्याप जन्माला यायचा आहे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीकर बनेश फेणे आहे, आणि तो अतिशय लाडका आहे. परंतु तो धाडसी पोर आहे, तार्किक नव्हे. ज्यांच्या हाती वृत्तपत्रांच्या पुरवण्या आहेत त्या संपादकांनी नव्या रहस्यकथेला, भयकथेला परीक्षण दिले, आणि ते त्या प्रकारात मुरलेल्या वाचकाकडून लिहवून घेतले, तर अशा लेखकाला आपण वाचले जातो आहोत, नुसते खपत नाही, एवढे तरी कळेल.

प्रकाशकांकडे एक मागणे आहे. अर्नाळकर, धारप, शिरवळकर यांच्या नव्या आवृत्त्या अलीकडे देखण्या मुखपृष्ठांसह बाजारात येत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्यांतील पुष्कळांवर प्रथमावृत्तीचे साल सापडत नाही, आणि मूळ परकीय कृतीचा आधार असल्यास त्याचा उल्लेख तर नाहीच. पुढील आवृत्तीत मुखपृष्ठामागील पानावर या दोन ओळींचा तपशील कृपा करून छापावा.