काचेबाहेरचा प्रेक्षक : ‘नाइटहॉक्स’मधील रात्र

एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराचे ‘नाइटहॉक्स’ (१९४२) हे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील तैलचित्र महानगरीय एकाकीपणाचे प्रतीक मानले जाते. आपण बहुधा नकळत मोठ्या शहराचे एकाकीपण रंगवीत होतो, असे हॉपरनेही पुढे सांगितले. तथापि कलावंताच्या कबुलीने अर्थनिर्णयाचा प्रश्न मिटत नाही. हे एकाकीपण चित्रात नेमके कोठे वसते, हे तपासावे लागते.

रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्याच्या कोपऱ्यावर एक उपाहारगृह उजळलेले आहे. आत एक जोडपे, पाठमोरा एक पुरुष आणि पांढऱ्या गणवेशातील वाढपी एवढीच माणसे आहेत. जोडप्याचे हात जवळ आहेत. स्पर्श मात्र दिसत नाही. रस्त्यावरून आत जाण्याचे दारही चित्रात कोठे दिसत नाही.

रात्र म्हणजे नैराश्य आणि प्रकाश म्हणजे आशा, हा प्रतीकांचा कोश येथे निरुपयोगी ठरतो. येथील प्रकाश दिलासा देत नाही, तो माणसांना उघडे पाडतो. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घाटाचा विचार मांडला. त्या दृष्टीने पाहता आतील पिवळी भिंत आणि बाहेरचा हिरवट काळोख यांच्या विरोधातून येथील भाववृत्ती आकारते. डिसेंबर १९४१ मधील पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत हे चित्र पूर्ण झाले. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दिवे मालवण्याच्या कवायती होत होत्या. हा संदर्भ उजेडाला ताण देतो. पण त्यामुळे चित्र युद्धचित्र होत नाही.

खरा निर्णायक घटक आहे तो प्रेक्षकाची जागा. हॉपर त्याला अंधाऱ्या रस्त्यावर उभा करतो. आतली माणसे निदान एका उजेडात आहेत. दाराविना बाहेर राहिलेला तो प्रेक्षक. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’शी (१९७२) तुलना केली असता हा भेद स्पष्ट होतो. तेथील मुंबईची रात्र काचेआडून पाहिलेली नाही. ती त्या वस्तीच्या आतून बोलते. मराठी समीक्षेने ‘परात्मता’ ही एकच संज्ञा दोन्हीकडे लावली, तर पाहणाऱ्याच्या स्थानाचा हा फरक पुसला जातो.

पाटोद्यासारख्या बालाघाटावरील तालुक्यातील आस्वादकाच्या संदर्भात हा प्रश्न केवळ तात्त्विक उरत नाही. येथील अनेक कुटुंबे दरवर्षी हंगामात ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ज्याच्या घरात रात्र ही तोडणीची आणि गाडी भरण्याची वेळ असते, त्याची दृष्टी जोडप्याआधी ओणव्या वाढप्यावर स्थिरावणे स्वाभाविक आहे. चौघांपैकी कामात असलेला तो एकटाच. एकाकीपणावर लिहिताना समीक्षक मात्र बहुधा गिऱ्हाइकांविषयीच बोलतात.

हे वाचन चित्रावर लादलेले नाही, कारण वाढप्याच्या पांढऱ्या गणवेशावर उजेड हॉपरनेच टाकला आहे. अर्थ आस्वादकाच्या अनुभवातून उलगडतो. त्याला आधार मात्र चित्रातच सापडावा लागतो. ही अट पाळणाऱ्या पाटोद्याच्या वाचकाचा अर्थ शिकागोच्या प्रेक्षकाच्या अर्थाहून दुय्यम मानण्याचे कारण नाही.