‘ताशी वीस पट’ हा आकडा नेमका कशाचा?

पावसाळ्यात उजनीतून किती क्युसेक पाणी सोडलं ते इंदापूर तालुक्यात पोराटोरांनाही माहीत असतं. पण त्या आकड्यावरून भिगवणच्या काठाशी, उथळ पाण्यात, प्रवाहाचा वेग किती आहे ते सांगता येईल का? कुणी सांगायला लागला तर आपण हसू. दरवाजातून सुटणारं पाणी ही एक गोष्ट, आणि काठाजवळच्या माशाच्या अंगावरून सरकणारं पाणी ही दुसरी.

प्रवाळांच्या खाऱ्या टाकीबद्दल लिहिताना मात्र आपण नेमकं हेच करतो. ‘टाकीतील पाणी ताशी वीस पट फिरवले’ एवढं लिहिलं की प्रवाहाचं वर्णन झालं, असं समजून पुढं जायचं. हा आकडा छंदवाल्यांच्या जगात अंदाजापुरता चालतो, त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो प्रबंधाच्या ‘सामग्री आणि पद्धती’ या प्रकरणात तो मोजमाप म्हणून येण्याला.

हिशेब करून बघू. टाकी 120 सेंमी लांब, 40 रुंद, 40 उंच, म्हणजे 192 लिटर. पंप ताशी 4000 लिटरचा, म्हणजे साधारण वीस पट. सेकंदाला 1111 घन सेंमी पाणी झालं. हे पाणी टाकीच्या 40 गुणिले 40 एवढ्या छेदातून सारखं पसरून लांबीच्या दिशेनं गेलं असं धरा. वेग येतो सेकंदाला 0.7 सेंमी. आता तेच पाणी पंपाच्या दोन सेंमी व्यासाच्या तोंडाशी मोजा. तिथं वेग साडेतीन मीटर! एकच पंप, एकच ‘वीस पट’, आणि दोन वेगांत पाचशे पटींचा फरक. शिवाय तोंडातून सुटलेला झोत आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, त्यामुळं प्रत्यक्षात हलणारं पाणी 4000 लिटरपेक्षा जास्तच असतं. तेवढ्याच पाण्याची चौकोनी ठोकळ्यासारखी टाकी घेतली तर छेद दुपटीनं वाढतो आणि सरासरी वेग निम्म्यावर येतो. तरी आकडा वीस पटच.

आणि हे 4000 लिटर तरी कुठून आले? बहुतेक वेळा पंपाच्या खोक्यावरून. तो आकडा पाणी अजिबात वर न चढवता मिळणारा असतो. विहिरीवर मोटर बसवलेल्या घरातल्या मुलाला हे सांगायला नको, पाइप जितका वर न्याल तितकं पाणी कमी पडतं. पण प्रयोगशाळेत आल्यावर आपण हे विसरतो. वीस लिटरची बादली आणि स्टॉपवॉच, एवढ्यावर खरा आकडा मिळतो.

एवढा काथ्याकूट कशासाठी? प्रवाळ जागचं हलत नाही. त्याच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. दिवसा तयार झालेला जादा ऑक्सिजन बाहेर जायचा, रात्री लागणारा आत यायचा, तो त्याच थरातून. प्रवाह वाढला की हा थर पातळ होतो आणि देवाणघेवाण वाढते. ताकाशी नाकामुरा आणि रॉबर्ट व्हॅन वूसिक यांनी 2001 मध्ये दाखवलं की पाणी तापलेलं असतानाही जोरदार प्रवाहातली अ‍ॅक्रोपोरा प्रवाळं तगली, मंद प्रवाहात मात्र मोठ्या प्रमाणात मेली. आता विचार करा, तुमच्या तापमानाच्या प्रयोगात गरम टाकीतला पंप जरा कोपऱ्याकडं वळलेला असेल तर? तीन वर्षांनी जे निष्कर्ष तुम्ही तापमानाच्या नावावर लिहाल ते पंपाच्या तोंडाचे असू शकतात.

मग मोजायचं कसं? महागडं वेगमापक यंत्र नसेल तर जुनी युक्ती आहे प्लास्टरच्या वड्यांची. मॅक्सवेल डोटी यांनी 1971 मध्ये शेवाळाच्या वाढीच्या अभ्यासासाठी ती मांडली. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वड्या ओतायच्या, वाळवून वजन करायचं, पाण्यात ठेवायच्या, ठरावीक तासांनी काढून पुन्हा वाळवून वजन. जिथं पाणी जास्त हललं तिथं वडी जास्त झिजते. सेट झालेलं प्लास्टर म्हणजे जिप्समच. नीरा डाव्या कालव्याखालच्या चोपण जमिनीत आपल्याकडं टाकतात तेच.

युक्ती स्वस्त आहे, म्हणून जगभर वापरली गेली, आणि म्हणूनच तिच्यावर झालेली टीका वाचायला हवी. एल्का पोर्टर, लॉरेन्स सॅनफर्ड आणि स्टीव्हन सटल्स यांचा 2000 सालचा ‘लिम्नॉलॉजी अँड ओशनोग्राफी’मधला लेख माझ्या मते संशोधनाची तयारी करणाऱ्यानं दोनदा वाचावा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एका दिशेनं संथ वाहणारं पाणी आणि पुढं-मागं हेलकावणारं पाणी जिप्सम वेगवेगळ्या रीतीनं झिजवतं. त्यामुळं झिजेवरून थेट ‘वेग’ काढता येत नाही, आणि दोन वेगळ्या तऱ्हांच्या प्रवाहांची तुलनाही करता येत नाही. लेखाचं बळ यात आहे की तो पद्धत मोडीत काढत नाही. वडीवरून पदार्थ किती झपाट्यानं पाण्यात जातो हे वडी खरंच सांगते. फक्त त्याला ‘वेग’ हे नाव देऊ नका.

प्रवाळाच्या टाकीसाठी हे थेट लागू आहे, कारण एका टाकीत सतत चालणारा पंप आणि दुसरीत लाटा करणारा पंप असला की वड्यांची तुलना संपली. एकाच तऱ्हेचा प्रवाह असलेल्या टाकीत कुठला कोपरा मेलेला आहे हे शोधायला मात्र वडी उत्तम. सोबत मोबाइलनं व्हिडिओ घ्या, काचेला पट्टी चिकटवा, भिजवलेल्या खाद्याचा चुरा किती फ्रेममध्ये किती सेंमी गेला ते मोजा. प्रवाळ जिथं बसवलंय तिथंच मोजा, टाकीच्या मध्यभागी नाही.

आपल्याकडं आणखी दोन अडचणी येतात. कालव्याखालच्या गावातल्या बोअरचं पाणी खारट लागलं तरी ते समुद्राचं पाणी नव्हे. त्यात कॅल्शियम आणि सल्फेट आधीच भरपूर असेल तर वडी कमीच विरघळणार. म्हणून प्रत्येक वेळी त्याच पाण्याची, त्याच तापमानाची एक स्थिर बादली शेजारी हवी, तिच्यातही एक वडी. दुसरी अडचण विजेची. रात्री तीन तास लाइट गेली तर प्रवाह शून्य होतो, आणि प्रवाळाला ऑक्सिजनची गरज असते ती नेमकी त्याच वेळी. चोवीस तासांनी काढलेल्या वडीच्या वजनात हे तीन तास बेमालूम मिसळून जातात. लाइट कधी गेली आणि कधी आली, ते वहीत वेळेसकट लिहून ठेवा.